चालतं घर, हसतं घर

पाण्याच्या टाकीमागे तनया ओकत होती आणि मी तिचे केस मागे धरून उभी होते. पोटात काही नव्हतंच तिच्या. थोडं दूध पडलं, मग पिवळट पाणी आणि मग नुसतेच उमासे. टाकीच्या पलीकडे मैदानावर स्पीकर चालू होता. तिचे वडील माईकवरून हसत हसत विचारत होते, की सगळे फोटोसाठी जमले, मग आमची लेक कुठे हरवली?

"आले," असं ती मलाच म्हणाली. हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं, टीशर्ट खाली ओढला, दोन्ही गालांना चिमटे काढले आणि पळत गेली.

आठवीतली पोर. गालावर लाली दिसावी म्हणून चिमटे काढायचे, हे हिला कुणी शिकवलं असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग मी टाकीच्या नळाने पाय धुतले आणि मीही मैदानावर गेले.

मी खेळाची शिक्षिका. फुटलेले गुडघे, नाकातून येणारं रक्त, ओकाऱ्या, पिकलेली नखं, या कशाचीच मला कधी घाण वाटली नाही. नाक मुरडणाऱ्या बायकांना मी हसायचे. खरी किळस काय असते हे मला त्या वर्षापर्यंत ठाऊकच नव्हतं म्हणायला हवं.

याला आता दहा-बारा वर्षं झाली. निपाणीच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीतलं आमचं तालुक्याचं गाव. तिथल्या हायस्कूलमध्ये मला सगळे चौगुले मॅडम म्हणायचे. मी खो-खो खेळत वाढलेली, जिल्ह्याच्या संघातून खेळलेली. पण शाळेतली पोरं वर्षागणिक जड होत चालली होती. मैदानाला एक फेरी मारा म्हटलं, की कुणाच्या पोटात दुखायचं, कुणाचा बूट चावायचा. त्यांना रागावून उपयोग नव्हता. घरीदारी त्यांनी कुणाला चालताना पाहिलंच नव्हतं. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी बाप गाडीला किक मारायचा. म्हणून मी हेडसरांना सुचवलं, की दर रविवारी सकाळी मुलांनी घरच्यांना घेऊन मैदानावर यावं. सगळ्यांनी मिळून टेकडीपर्यंत चालत जायचं, परत आल्यावर थोडे हातपाय हलवायचे, लंगडी खेळायची, दोरीवरच्या उड्या मारायच्या. संपलं.

लोक आले, आणि मला वाटलं होतं त्याहून जास्त आले. मुल्लाणी टेलर आणि त्यांची बायको शमशाद तिन्ही मुलींना घेऊन यायचे. एका दुकानदाराची आई नऊवारी लुगड्यावर नातवाचे कॅनव्हासचे बूट घालून चालायची आणि टेकडीच्या चढाला कुणी हात दिला तर झिडकारायची. शाळेचं एक दोन पानांचं पत्रक दर महिन्याला निघायचं, 'खबरबात' नावाचं. त्यात या रविवारांची बातमी मी लिहायचे. कोण नवीन आलं, लंगडीत कोण जिंकलं, असलं काहीतरी. लोक आपलं नाव शोधत ते वाचायचे.

मग त्यात तनयाचे वडील, धनंजय शिंत्रे आले. बसस्टँडसमोर त्यांची जिम होती आणि ते पालक-शिक्षक संघाचे उपाध्यक्ष होते. उंच, गोरे, हसरे. दंड असे, की टीशर्टच्या बाह्या तटतटायच्या. त्यांनी दोन रविवारांत सगळं रूप पालटलं. स्पीकर आणला, सगळ्यांना केशरी टीशर्ट वाटले. छातीवर छापलेलं होतं, 'चालतं घर, हसतं घर'. मैदानाच्या भिंतीवर एवढा मोठा बोर्ड लावला आणि त्यावर त्यांचंच कुटुंब. मधे ते, त्यांचा एक हात बायकोच्या खांद्यावर, दुसरा लेकीच्या डोक्यावर. तिघंही दात दाखवून हसत होते. दर रविवारी शेवटी फोटो काढायचा, तो 'खबरबात'मध्ये छापायचा, हेही त्यांचंच.

मला त्यांचा राग नव्हता. उलट बरंच वाटलं. मी शिट्टी वाजवून वीस माणसं जमवायचे, हा माणूस नुसता हसला की शंभर जमायची. बायका चालता चालता बोलायच्या, की सुषमानं काय पुण्य केलं असेल. नवरा स्वतः दुधात बदाम वाटून देतो म्हणे, सकाळी स्वतः उठवतो म्हणे. सुषमा, म्हणजे तनयाची आई, ऐकून हसायची. ती नेहमी हसतच असायची. बारीक चणीची, माहेर निपाणीचं, उन्हाळ्यातसुद्धा त्या टीशर्टच्या आत पूर्ण बाह्यांचं काहीतरी घातलेलं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, ऊन सोसत नाही, अंगावर पुरळ येतं.

तनयाचं ओकणं एकदाचं नव्हतं, हे तिसऱ्या-चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आलं. टेकडी ती सगळ्यांच्या पुढे चढायची. दम लागलेला नसायचा. लंगडीत चपळ होती. आणि फोटोची वेळ झाली की टाकीमागे. मी आपलं मला जे कळतं ते सांगितलं. रिकाम्या पोटी येऊ नको, केळं खा, लिंबूपाणी घे. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची. पुढच्या रविवारी केळं पडायचं.

शेवटी एकदा मी तिच्या आईवडिलांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, की हिला डॉक्टरकडे दाखवा. शिंत्रे मोकळेपणाने हसले. पोरगी आईवर गेलीय, म्हणाले, दोघींची पोटं नाजूक, माझ्या घरात मी एकटाच धडधाकट. असं म्हणत त्यांनी सुषमाला जवळ ओढलं. ती एकदम ताठ झाली, डोळे क्षणभर मिटले आणि मग खूप मोठ्ठं हसली. मला ते हसू जरा जास्त वाटलं. पण नवऱ्याने चारचौघांत जवळ घेतलं की आमच्याकडच्या बायका अवघडतातच, असं मी धरून चालले.

वर्षाच्या शेवटी मोठा कार्यक्रम ठरला. गटशिक्षणाधिकारी येणार होते. वर्षभर नियमाने आलेल्या एका कुटुंबाला 'आदर्श सक्रिय कुटुंब' म्हणून शाल, श्रीफळ आणि चषक द्यायचा होता. कुणाला द्यायचा याची चर्चासुद्धा झाली नाही. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

त्या दिवशी सकाळी मी चुन्याच्या फक्कीने मैदान आखून घेतलं आणि साहित्याच्या खोलीत दोऱ्या काढायला गेले. तनया तिथे गाद्यांच्या ढिगामागे बसलेली होती. या वेळी ओकलेली नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि दातावर दात आपटत होते, थंडी वाजल्यासारखे. खोलीत तर उकडत होतं.

मी तिच्यासमोर बसले. ताप आहे का बघायला कपाळाला हात लावला, तर डोकं मागे घेतलं. मी म्हटलं, आज ऊन फार आहे, तू सावलीतच बस, स्टेजवर येऊ नको, मी सांभाळून घेते.

"ऊन लागत नाही मला," ती म्हणाली. "चालूनपण काही होत नाही."

"मग काय होतं?"

"फोटोच्या आधी होतं."

पोरं बोलायला लागली की आपण मधे बोलू नये, एवढं मला नोकरीने शिकवलं होतं.

"बाबा आईच्या खांद्यावर हात ठेवतात ना," ती म्हणाली, "ते मला बघवत नाही."

मग ती सांगत गेली. रडत नव्हती. धडा म्हणून दाखवावा तशी सांगत होती, खाली बघून. शनिवारी घरात काहीतरी निघतंच. भाजीत मीठ, फोनवर कुणाशी बोललीस, शेजाऱ्याला हसून का उत्तर दिलंस. बाबा तोंडावर मारत नाहीत. त्यांना कुठलं हाड कुठे, कुठला स्नायू कुठे, सगळं ठाऊक आहे. तोच त्यांचा धंदा. हात मागे नेऊन पिरगाळतात आणि खांद्याच्या खोबणीत अंगठा रुतवतात. आवाज येऊ नये म्हणून आई तोंडात पदर धरते. आणि रविवारी सकाळी मैदानावर, सगळ्यांसमोर, फोटोच्या वेळी बाबा बरोबर त्याच जागेवर हात ठेवतात आणि दाबतात.

"आई हसते. दुखलं की ती जास्त हसते. मग बाबा माझ्याकडे बघतात, मी हसतेय का ते. गालाला चिमटे काढायचे आईनंच सांगितलंय. चेहरा पांढरा दिसला तर घरी गेल्यावर आईलाच विचारतात, पोरीला काय शिकवून ठेवलंयस म्हणून."

मी विचारलं, हे तू कुणाला सांगितलंस का?

"बोर्डावर आहे की," ती म्हणाली. "सगळ्यांनी बघितलंय."

खोलीच्या खिडकीतून तो बोर्ड समोर दिसत होता. मी उठून उभी राहिले आणि बघितलं. कित्येक महिने मी रोज त्याच्यासमोर शिट्टी वाजवत होते. बायकोच्या खांद्यावर ठेवलेला तो हात ठेवलेला नव्हताच. चार बोटं केशरी कापडात पेरापर्यंत घुसली होती. फोटो एवढा मोठा केलेला, की जोर लावल्याने पांढरी पडलेली नखं दिसत होती. सुषमाच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या उठल्या होत्या. आणि वर ते हसू. खाली लाल अक्षरांत, चालतं घर, हसतं घर.

माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. मी ते गिळलं.

तनयाला तिथेच बसायला सांगून मी हेडसरांच्या खोलीत गेले. बागेवाडी सर पाहुण्यांची वाट बघत शिरा खात बसले होते. साजूक तुपातला होता, हात कोपरापर्यंत चमकत होता म्हटलं तरी चालेल. मी दार लोटून घेतलं आणि पोरीने सांगितलं ते सगळं सांगितलं. त्यांचा घास थांबला नाही. मी संपवलं तेव्हा त्यांनी बशीतला बेदाणा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाले, "कार्यक्रम होऊ दे, मॅडम. मग बघू."

मी म्हटलं, सर, मी काय सांगते ते कळलं का तुम्हाला?

"कळायचं काय त्यात," ते म्हणाले. "गावात कुणाला माहीत नाही?"

मग त्यांनीच समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, नव्या शिक्षकाला वेळापत्रक समजावून द्यावं तसं. शिंत्रेंचं घर जिमच्या मागेच आहे, त्यांचा ओरडा रस्त्यावर येतो. मागे एकदा सुषमा माहेरी निघून गेली होती. भाऊ तिला ठेवून घ्यायला तयार होता. तेव्हा आपणच चार माणसं निपाणीला गेलो आणि समजूत घालून तिला परत आणली. आपण म्हणजे ते स्वतः, आणि ज्यांना मी दर रविवारी हात जोडून नमस्कार करायचे ते आणखी तिघे. पोरीच्या शाळेचं वर्ष होतं. घर मोडून काय मिळतं?

"आणि माणूस वाईट नाही हो," सर म्हणाले. "शाळेसाठी किती करतो. पहाटे उठतो, दारूचा थेंब नाही." मग तुपाने भरलेलं एकेक बोट तोंडात घालून त्यांनी स्वच्छ केलं. मला त्या बोटांवरून नजर हलवता येईना. मला वाटत होतं, की आता इथेच, या टेबलावर, माझं सकाळचं सगळं पडणार.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले होते. सर हात धुवायला उठले आणि जाता जाता म्हणाले, की माईक तुमच्याकडे आहे, जरा प्रसंग बघून बोला.

मी सुषमाला गाठलं. ती औक्षणाच्या ताटात निरांजन लावत होती. मी एवढंच म्हटलं, की तनयाने मला सांगितलंय. तिच्या हातातली काडी विझली. तिने दुसरी पेटवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज नको, मॅडम. आज त्यांचं डोकं शांत आहे."

कार्यक्रम सुरू झाला. दीप लागला, हार झाले. गटशिक्षणाधिकारी चालण्याच्या फायद्यांवर बोलले. ते बोलत असताना मी समोर बसलेल्या माणसांकडे एकेक करून बघत होते. केशरी टीशर्ट, घामाने अंगाला चिकटलेले. अत्तराचा, घामाचा आणि शिऱ्याचा वास एकत्र येत होता. याला माहीत असेल. हिलाही असेल. हा तर जिमच्या शेजारी राहतो. ही दर रविवारी म्हणते, सुषमानं काय पुण्य केलं. नऊवारीतल्या म्हातारीलासुद्धा माहीत असेल का? माझ्याच हाताने जमवलेली माणसं होती ती. त्यांच्यातला एकेक चेहरा मला धुऊन काढावासा वाटत होता, आणि कशाने धुवावा ते कळत नव्हतं.

मी नाव पुकारलं. तिघं स्टेजवर आली. तनयालाही कुणीतरी शोधून आणलं होतं. तिचे गाल लाल होते. शाल झाली, चषक झाला. फोटोग्राफर खालून म्हणाला, जरा जवळ जवळ. शिंत्रेंनी एक हात लेकीच्या डोक्यावर ठेवला. दुसरा उचलला आणि सुषमाच्या खांद्यावर टेकवला. मी दोन पावलांवर उभी होते. बोटं वाकली ती मी पाहिली. अंगठा खोबणीत गेला तोही पाहिला. सुषमा हसली.

"हात काढा, शिंत्रे," मी म्हणाले.

माईक माझ्या हातात होता. तो मी खाली केला नाही. आवाज मैदानभर गेला, भिंतीवर आपटून परत आला.

त्यांना वाटलं मी फोटोसाठीच काही सुचवतेय. हसूनच विचारलं, "कुठला हात, मॅडम?"

"खांद्यावरचा. काल रात्री तुम्ही तिथंच पिरगाळलंय. दुखतंय तिला."

गटशिक्षणाधिकारी हातातल्या नारळाची शेंडी बघायला लागले. शिंत्रेंनी हात काढला नाही. त्यांचा चेहरासुद्धा बदलला नाही. ते लोकांकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "मॅडमना ऊन लागलं बहुतेक."

आणि लोक हसले. घाबरून नव्हे, सुटल्यासारखे हसले. कुणीतरी येऊन आपली सुटका करावी याची वाट बघत असल्यासारखे. पहिल्या रांगेत बागेवाडी सर हसले. 'सुषमानं काय पुण्य केलं' म्हणणाऱ्या बायका हात तोंडाला लावून हसल्या. ते हसू सरपटत मागच्या रांगांपर्यंत गेलं. मला अंगावरून काहीतरी ओलं, बुळबुळीत जातंय असं वाटलं.

तेवढ्यात सुषमा खाली वाकली. खो-खोत पाठलाग करणारी अगदी जवळ आली की पळणारी जशी खांबापाशी अंग चोरून निसटते, तशी ती त्या हाताखालून निसटली. शिंत्रेंचा हात हवेत तसाच राहिला. ती स्टेजच्या कडेला जाऊन उभी राहिली. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मी तिला पहिल्यांदाच अशी बघत होते. चेहरा केवढा थकलेला होता. तनयाने वडिलांकडे बघितलं, मग डोक्यावरचा हात बाजूला केला आणि आईकडे गेली.

मी माईक टेबलावर ठेवला आणि दोघींना घेऊन खाली उतरले. आम्हाला वाट द्यायला लोक बाजूला झाले. कुणी आडवं आलं नाही.

फाटकाशी आल्यावर सुषमाने माझा हात झटकला.

"आता मी घरी कशी जाऊ?" ती म्हणाली. "तुम्ही बोलून मोकळ्या झालात. आज संध्याकाळी घरात मी असणार आहे."

मी म्हटलं, घरी जाऊच नको.

"मग कुठं जाऊ? मागच्या वेळी भावानंच परत पाठवलंय मला." तिचे डोळे कोरडे होते आणि राग माझ्यावर होता. तिचं चुकीचं नव्हतं. माझ्याकडे काही योजना नव्हती. माझ्याकडे फक्त पोटातली मळमळ होती आणि तिच्या जोरावर मी बोलले होते.

तिने मागे वळून पाहिलं. स्टेजवर शिंत्रे छातीवर हात ठेवून पाहुण्यांना काही सांगत होते. पाहुणे मान हलवत होते. खाली शिऱ्याच्या पातेल्यापाशी रांग लागली होती. ती बराच वेळ त्या रांगेकडे बघत होती. मग म्हणाली, "चला. कुठं जायचं ते सांगा."

सरकारी दवाखाना बाजारपेठेच्या टोकाला होता. आम्ही तिघी चालत निघालो. रविवारचा बाजार होता, लोक थांबून बघत होते, कारण तिघींच्या छातीवर ते वाक्य होतं. थोडं पुढे गेल्यावर मागून भराभर पावलं आली. शमशाद मुल्लाणी होती, तिन्ही मुली मागे. तिने काही विचारलं नाही. आपली ओढणी काढून सुषमाच्या अंगावर पुढून घातली, ती अक्षरं झाकली आणि आमच्याबरोबर चालू लागली. एवढ्या सगळ्या गर्दीतून आलेलं एकच घर ते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण ड्यूटीवर होती. तिने पडदा ओढला आणि सुषमाला टीशर्ट काढायला सांगितलं. मी आत होते. पाठीवर, दंडांवर, खांद्यांवर सगळ्या रंगांचे डाग होते. जांभळे, हिरवे, जुने होऊन पिवळे पडलेले. बोटं मोजता येतील असे. डॉक्टरीण म्हणाली, पोलिसांना कळवावं लागेल. सुषमा म्हणाली, कळवा. एवढं ती स्वतःच्या तोंडाने बोलली, त्यानंतर मला धीर आला.

पोलीस चौकीत हवालदाराने आम्हाला बराच वेळ बाकावर बसवलं. तो जिमला जायचा, त्याच्या दंडांवरून कळत होतं. पण डॉक्टरिणीने साहेबांना फोन केला होता, त्यामुळे तक्रार लिहून घ्यावी लागली. दुपारी निपाणीहून भाऊ आला. त्याला बहिणीकडे बघता येईना. तनयाला गाडीत बसवताना तो मला म्हणाला, की मागच्या वेळी चार मोठी माणसं आली होती, शाळेचे हेडसर होते, त्यांच्या शब्दाबाहेर कसा जाणार?

यानंतर गावाला लाज वाटली असेल, असं कुणाला वाटेल. पुढच्या रविवारी मी मैदानाच्या फाटकापर्यंत गेले. स्पीकर चालू होता. गर्दी होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच. शिंत्रे एकटे मधे उभे होते आणि माणसं एकेक करून त्यांच्यापाशी जात होती. पाठीवर हात ठेवत होती, सुतकात भेटायला आल्यासारखी. बायकांपैकी एकीने त्यांच्यासाठी डबा आणला होता. मग शिट्टी वाजली, ती माझी नव्हती, आणि सगळे केशरी टीशर्ट टेकडीच्या दिशेने चालायला लागले. मुल्लाण्यांचं कुणी नव्हतं. म्हातारी होती. नातवाचा हात धरून माझ्यासमोरून गेली आणि नजर चुकवली.

मी फाटकापासून परत फिरले आणि गटाराच्या कडेला बसून भडाभडा ओकले.

'खबरबात' त्या महिन्यातही निघालं. कार्यक्रम उत्साहात पार पडल्याची बातमी होती, सहकुटुंब व्यायामाचं महत्त्व सांगणारे दोन परिच्छेद होते, आणि बातमीखाली, मी न लिहिलेल्या बातमीखाली, माझं नाव होतं. माझे खेळाचे तास काढून घेतले आणि मला पाचवीला भूगोल दिला. दीड-दोन वर्षांनी मी दुसऱ्या गावी नोकरी बघितली. शिंत्रेंवरचा खटला रेंगाळत राहिला. शेवटी घटस्फोट झाला. शिक्षा म्हणावी अशी काही त्यांना झाली नाही. जिमची दुसरी शाखा निघाल्याचं ऐकलं. कुणी सांगितलं आठवत नाही, पण सांगणारा कौतुकाने सांगत होता.

सुषमा भावाकडे काही महिने राहिली, मग एका पतसंस्थेत नोकरी धरून वेगळी झाली. माझ्यावरचा तिचा राग केव्हा गेला, की गेलाच नाही, मी विचारलं नाही. एकदा निपाणीला एका लग्नाला गेले होते, तेव्हा सकाळी तिच्याकडे गेले. दोन खोल्या होत्या. तिने चहा टाकला. अर्ध्या बाह्यांचा गाऊन घातला होता. हसत नव्हती, साधं बोलत होती, भाजी महाग झाल्याचं, पतसंस्थेतल्या साहेबांच्या विसरभोळेपणाचं.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी तनयाची चौकशी केली.

"झोपलीय," सुषमा म्हणाली. "रविवारी ती लवकर उठत नाही. उठवू का? तुम्ही आलाय कळलं तर आवडेल तिला."

मी म्हटलं, नको.

मग आम्ही हळू आवाजात बोलत बसलो. ऊन खिडकीतून आत आलं, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. सुषमाने एकदा उठून दार थोडं आणखी ओढून घेतलं आणि परत येऊन बसली.